रंगवलेला सदरा आणि चित्रकाराचा हक्क

हणजूणच्या बुधवारच्या वा म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात फेरफटका मारणाऱ्यास टांगलेल्या टी-शर्टांच्या रांगा नव्या नाहीत. त्यांतील पुष्कळसे यंत्रावर छापलेले असतात. हवेच्या दाबाने रंगाचा बारीक फवारा सोडणाऱ्या एअरब्रशने, गिऱ्हाइकाच्या मर्जीप्रमाणे एकेक सदरा रंगवून देण्याची कला मात्र निराळी. तिथे हत्यार कापडाला टेकतच नाही. हात किंचित ढळला की रंग पसरतो आणि सदरा फुकट जातो. अशा एका सदऱ्याला जितका वेळ लागतो, तितक्यात यंत्र नकलांचा ढीग घालते. माल दर्शनी मांडल्यावाचून या कलावंतास गिऱ्हाईक मिळत नाही, आणि मांडला की नक्कल करणाऱ्यास नमुना आयताच सापडतो. त्याची खरी अडचण ही आहे.

कायदा त्याच्या बाजूने नाही, असे नव्हे. हाताने काढलेल्या चित्राचा स्वामित्वहक्क नोंदणीवाचूनही चित्रकाराच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षे टिकतो. मारियो मिरांडा २०११ साली निवर्तले. त्यांची चित्रे २०७१ अखेरपर्यंत परवानगीवाचून कोणासही सदऱ्यांवर उतरवून विकता येणार नाहीत. मारियोंना लाभणारे हे संरक्षण बाजारातल्या अनाम चित्रकारासही आहे. परंतु त्याच्या वाटेत तीन खड्डे आहेत.

पहिला मागणीचा. मोबदला घेऊन दुसऱ्याच्या सांगण्यावरून चित्र काढून दिले, तर उलट करार नसल्यास १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याप्रमाणे पहिला मालक गिऱ्हाईक ठरतो. दुसरा खड्डा संख्येचा. डिझाईन म्हणून नोंदण्याजोगी असूनही न नोंदलेली आकृती औद्योगिक प्रक्रियेने ५० हून अधिक वस्तूंवर मालकानेच किंवा त्याच्या परवानगीने दुसऱ्याने उतरवली, तर त्याच कायद्याचे कलम १५ तिच्यावरील स्वामित्वहक्क संपवते. म्हणजे धंदा वाढला की हक्क जायचा! तिसरा खड्डा सर्वांत फसवा. डिझाईन कायदा, २००० खाली नोंदणी केल्यास १० वर्षांचे आणि मुदत वाढवून आणखी ५ वर्षांचे संरक्षण मिळते खरे. पण नोंदणीच्या अर्जाआधीच ते डिझाईन लोकांसमोर आले असेल, तर त्याचे नावीन्य संपले असे धरले जाते. जो आधी दोरीवर टांगतो आणि मग अर्ज करतो, तो उशीर करतो.

बाजारात नक्कल चालायचीच, असे म्हणून हा प्रश्न झटकणारे पुष्कळ आहेत. ज्याच्या हातची कला हीच त्याची शेती, त्याचे कुंपण मोडू देणे हा कोणता व्यवहार? शिवाय नकलेलाच भाव येऊ लागला, तर नवे काढण्याचे कष्ट कोण घेईल? उद्या साऱ्या किनाऱ्यावर एकच सदरा विकला जाईल, आणि तो गोव्यात रंगवलेला असेलच असे नाही.

उपाय अवघड नाहीत. डिझाईन कायद्याच्या कलम २१ नुसार, केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनात आगाऊ सूचना देऊन मांडलेल्या डिझाईनचा अर्ज सहा महिन्यांच्या आत करता येतो. लोकोत्सवासारख्या मेळ्यांना अशी अधिसूचना मिळावी म्हणून राज्य सरकारने केंद्राकडे आग्रह धरावा. हस्तशिल्प महामंडळाने हात-रंगकामासाठी नाममात्र भाड्याची जागा आणि नोंदणीच्या अर्जास साहाय्य द्यावे. आल्तिनोवरील कला महाविद्यालयातून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यास रंगांच्या मिश्रणाबरोबर दोन ओळींचा करार लिहिण्याचेही शिक्षण मिळावे. त्या दोन ओळी बिलावर उमटल्या, तर पहिला खड्डा तेथेच बुजतो.

गिऱ्हाइकाचेही एक कर्तव्य आहे. हाताने रंगवलेला म्हणून दुप्पट दाम मागणाऱ्यास त्याने चित्रकाराचे नाव विचारावे. ज्या सदऱ्याला चित्रकार आहे, त्याचेच दाम दुप्पट असण्यात न्याय आहे.