ठळक आश्वासने, बारीक अटी

लग्नपत्रिकेवरील ‘श्री’ आणि जप्तीच्या नोटिशीतील ‘श्री’ यांत कोशाच्या दृष्टीने भेद नाही. तरीही एक पाहताच मन प्रसन्न होते, दुसरा पाहताच छातीत धस्स होते. मजकूर वाचून होण्यापूर्वीच अक्षरांच्या वळणाने वाचकाला सूचना दिलेली असते. नक्षीदार अक्षरे आमंत्रण देतात, जाड व काळीभोर अक्षरे बजावतात. आणि दाटीवाटीने बसवलेली बारीक अक्षरे ‘हे वाचले नाही तरी चालेल’ असे सुचवतात. या तिसऱ्या प्रकाराचा अर्थव्यवहाराशी असलेला संबंध आपल्याकडे पुरेसा ध्यानात घेतला जात नाही.

कर्जाची कोणतीही जाहिरात पाहावी. व्याजाचा दर बोटभर उंचीच्या ठसठशीत टायपात, त्याच्या डोक्यावर मुंगीएवढी चांदणी, आणि त्या चांदणीचा खुलासा तळाशी, भिंग लागावे अशा अक्षरांत! वरचे वाक्य खोटे नसते, खालचेही नसते. मात्र एक ओरडून सांगितलेले असते आणि दुसरे पुटपुटलेले. दोन्ही पक्षांना सारखीच माहिती असेल तरच सौदा बरोबरीचा होतो, हे अर्थशास्त्राचे प्राथमिक सूत्र आहे. माहिती कागदावर असणे आणि ती ग्राहकाच्या नजरेत भरणे, यांतील अंतर टायपाच्या निवडीने हवे तेवढे वाढवता येते. त्या अंतराची किंमत कर्जदार हप्त्याहप्त्याने मोजतो.

कायद्याला हे उमगलेले नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. सिगारेटच्या पाकिटाच्या दर्शनी भागाचा ८५ टक्के हिस्सा धोक्याच्या इशाऱ्याने व्यापावा, हा नियम एप्रिल २०१६ पासून अंमलात आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये जाहिरातींविषयी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार, खुलासा हा दाव्याच्याच भाषेत आणि दाव्याच्याच टायपात असावयास हवा. क्रेडिट कार्डाच्या प्रमुख अटी किमान ‘एरियल १२’ या मापात छापाव्यात, असा दंडक रिझर्व्ह बँकेने घातला.

येथेच मराठी वाचकाचा प्रश्न सुरू होतो. एरियल हा मुळात रोमन अक्षरांसाठी घडवलेला टाइप. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा व रफार, तर खाली उकार, यांसाठी जागा राखावी लागते. परिणामी तेवढ्याच पॉइंटांत मूळ अक्षर लहान पडते. त्यातच ‘घ’ व ‘ध’, ‘ब’ व ‘व’ यांतील भेद एखाद्या रेषेचा. ‘त्याची जबाबदारी’ आणि ‘त्यांची जबाबदारी’ यांत अंतर केवळ एका टिंबाचे. परंतु कर्ज एकाने फेडावयाचे की जामीनदारांसह सर्वांनी, याचा निवाडा ते टिंब करते. ते पुसट झाले तर दोष वाचकाच्या चष्म्याला द्यावयाचा काय?

ही जाण मराठी मुद्रणाला नवी नाही. जावजी दादाजी यांनी १८६९ मध्ये मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला. राणोजी रावजी आरू यांच्या कसबी हातांनी घडवलेल्या त्याच्या टायपांचा लौकिक सौंदर्याइतकाच सुवाच्यतेसाठीही होता. आज तर उत्तम देवनागरी टाइप संगणकावर विनामूल्य मिळतात. तेव्हा खर्चाची सबब टिकणारी नाही.

१ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या किरकोळ कर्जांची ठळक माहिती कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत देणे रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केले. भाषेचा हक्क मान्य झाला, हे योग्यच झाले. त्याच्या जोडीला डोळ्यांचा हक्कही मान्य व्हावयास हवा. देवनागरी मजकुराचे माप रोमन टायपाच्या पॉइंटांत न सांगता, शिरोरेषेखालील मूळ अक्षराच्या किमान उंचीने, मिलिमीटरांत ठरवावे. दर ज्या टायपात, त्याच टायपात त्याची अटही छापावी. एवढे केल्याने कर्ज स्वस्त होणार नाही, पण ते किती महाग आहे हे घेणाऱ्याला आधी कळेल. आजच्या अर्जांत अटी शोधाव्या लागतात. सही करावयाची जागा मात्र शोधावी लागत नाही.