उजेडाची उचल

साठी उलटली की रात्रीचा रस्ता अरुंद वाटू लागतो. रस्ता तोच असतो. डोळ्यांत शिरणारा उजेड कमी झालेला असतो. म्हणून मी माझ्या मोटारसायकलला पुढे दोन जादा दिवे बसवून घेतले. ५५ वॅटचे हॅलोजन. ‘बॅटरीवर ताण नाही ना यायचा?’ असं विचारलं, तर गॅरेजवाला म्हणाला, ‘काही होत नाही काका, सगळेच बसवतात.’

बँकेत कर्ज मागायला आलेल्यांच्या तोंडून ‘सगळेच घेतात’ हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलं होतं, आणि प्रत्येक वेळी शांतपणे त्यांची मिळकत विचारली होती. इथे मात्र विचारायचं विसरलो.

त्या पावसाळ्यात आम्ही उभयता कोल्हापूरहून रत्नागिरीला निघालो. आंब्याला पोचेतो अंधारलं, घाटात धुकं उतरलं. एका ट्रकमागे क्लच दाबत-सोडत पाऊण तास रांगत होतो. आधी दिवे पिवळे पडले, मग हॉर्न घोगरा झाला आणि एका वळणावर इंजिनच बंद पडलं. स्टार्टर नुसता टिकटिकला. मागच्यांना आम्ही तिथे आहोत हे सांगायला लाल दिवाही उरला नव्हता. सौभाग्यवती कठड्याला टेकून मोबाइलचा दिवा हलवत उभी राहिली. एका जीपवाल्याने थांबून त्याच्या बॅटरीवरून वायर जोडून दिली, तेव्हा जादा दिवे बंद ठेवून साखरप्याला उतरलो.

दोष हिशेबाचा होता. इंजिनाबरोबर चुंबक फिरतो, तांब्याच्या वेटोळ्यांत वीज तयार होते. रेक्टिफायर-रेग्युलेटर ती बॅटरीजोगती करतो. ही मिळकत. बॅटरी म्हणजे शिल्लक. ती कमावत नाही, फक्त सांभाळते. पुस्तिकेत छापलेले वॅट इंजिन जोरात फिरतानाचे असतात; मंद चालीवर त्यातला थोडाच हिस्सा हाती येतो. खर्च मात्र थांबत नाही: हेडलाइट, मागचा दिवा, ठिणगी, फ्युएल इंजेक्शनचा पंप. एप्रिल २०१७ पासून तर नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिनाबरोबर आपोआप चालू राहतो.

त्यावर माझे दोन दिवे, ११० वॅट. भागिले १२ व्होल्ट, म्हणजे सुमारे ९ अँपिअर. बॅटरी ८ अँपिअर-तासांची. घरखर्च भागून मिळकतीतलं काहीच उरत नसेल, तर ही शिल्लक तासभरही पुरत नाही. स्टार्टर फिरवण्याची ताकद त्याच्या बरीच आधी संपते. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत बॅटरी झोपली तरी किक मारून घर गाठता येई. आता पुष्कळ गाड्यांना किकच नाही, आणि व्होल्टेज फार पडलं की पेट्रोलचा पंपही थांबतो.

‘मोठी बॅटरी टाका,’ असा सल्ला मिळतो. पासबुक जाड केल्याने पगार वाढत नाही. मोठी बॅटरी दिवाळं पुढे ढकलते, एवढंच.

जादा दिवे लावूच नयेत, असं मी म्हणत नाही. मी पुन्हा लावले. पण आधी वही काढली. गाडीच्या वीजनिर्मितीतून तिचा स्वतःचा खर्च वजा केला आणि उरल्यातला मोठा वाटा मंद चालीसाठी राखला. मग २० वॅटचे दोन एलईडी घेतले; दोन्ही मिळून साडेतीन अँपिअरच्या आत. वेष्टनावरच्या वॅटवर विसंबलो नाही, प्रवाह मोजून घेतला. वायर बॅटरीवरून, बॅटरीलगत ५ अँपिअरचा फ्यूज, पुढे रिले. रिलेला इशारा किल्लीबरोबर चालू-बंद होणाऱ्या तारेतून, म्हणजे दिवे विसरून राहायला नकोत. त्यांचा झोत रस्त्यावर उतरता ठेवला. समोरून येणारा आंधळा झाला तर आपल्या उजेडाचा उपयोग काय?

शेवटी मल्टिमीटर. इंजिन बंद असताना भरलेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. सगळे दिवे लावून इंजिन थोडं चढवल्यावर साडेतेरा ते साडेचौदा दिसले, तर वही जुळली. मंद चालीवर आकडा पावणेतेराच्या खाली रेंगाळू लागला, तर शिल्लक खाणं सुरू झालं. तेव्हा जादा दिवे बंद करावेत. हँडलवर बसणारा छोटा व्होल्टमीटर मिळतो, तो दिव्यांइतकाच गरजेचा आहे.

माझं गाऱ्हाणं दिव्यांबद्दल नाही, आकडा न विचारता दिवे विकण्याबद्दल आणि आकडा न मागता ते घेण्याबद्दल आहे. दिवे लावून व्होल्टेज दाखवल्याशिवाय बिल चुकतं करू नये. बँकेत आम्ही आकडा पाहिल्याशिवाय सही करीत नसू. रात्रीच्या घाटात तर मागे बसलेल्या माणसाचा जीव तारण असतो.

सौभाग्यवती अजूनही मागे बसते. फक्त निघताना विचारते, ‘आकडा पाहिलात का?’