वैद्यकीय इच्छापत्राचा हक्क अतिदक्षता विभागापर्यंत पोहोचावा

प्रति,
मा. मंत्री, सार्वजनिक आरोग्य विभाग,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई.

विषय : वैद्यकीय इच्छापत्राच्या (लिव्हिंग विल) अंमलबजावणीबाबत.

महोदय,

बरे होण्याची आशा संपल्यावर आपल्याला व्हेंटिलेटरवर ठेवावे की नाही, हे शुद्धीत असतानाच लिहून ठेवण्याचा हक्क भारतातील प्रत्येक सज्ञान व्यक्तीला आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ९ मार्च २०१८ रोजी ‘कॉमन कॉज’ खटल्यात तो मान्य केला. राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्कात सन्मानाने मरण येण्याचा हक्कही सामावलेला आहे, हा त्या निकालाचा गाभा आहे.

या प्रश्नाची मुळे मुंबईत आहेत. परळच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर नोव्हेंबर १९७३ मध्ये अमानुष हल्ला झाला आणि त्यानंतर मे २०१५ पर्यंत त्या त्याच रुग्णालयात अंथरुणाला खिळून होत्या. पत्रकार पिंकी विराणी यांनी त्यांच्यासाठी केलेली दयामरणाची याचिका सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०११ मध्ये फेटाळली, कारण त्यांची वर्षानुवर्षे सेवा करणाऱ्या केईएममधील परिचारिकांना त्या जगायला हव्या होत्या. त्यांच्या अंगावर एकही शय्याव्रण होऊ न देणाऱ्या या सेवेचा न्यायालयानेही गौरव केला. मात्र स्वतः अरुणा यांची इच्छा काय होती, हे कळायला मार्ग नव्हता. असा मार्ग खुला ठेवणे हेच वैद्यकीय इच्छापत्राचे काम आहे.

या हक्काविषयी गैरसमज पुष्कळ आहेत. इंजेक्शन देऊन मृत्यू घडवून आणणे भारतात आजही गुन्हाच आहे. इच्छापत्राने फक्त निरुपयोगी ठरलेले उपचार सुरू न करण्याची किंवा थांबवण्याची मुभा मिळते. वेदनाशमन आणि शुश्रूषा चालूच राहतात. रुग्ण निर्णय घेण्याच्या स्थितीत असेपर्यंत त्याचाच शब्द अखेरचा असतो आणि लिहिलेले इच्छापत्र तो केव्हाही रद्द करू शकतो.

२०१८ च्या निकालातील कार्यपद्धती इतकी किचकट होती की ती पाळणे जवळजवळ अशक्य होते. म्हणून २४ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयाने ती सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून इच्छापत्र साक्षांकित करता येते. उपचार थांबवण्यापूर्वी रुग्णालयाचे प्राथमिक वैद्यकीय मंडळ रुग्णाला तपासते. त्यानंतर दुय्यम मंडळ पुन्हा तपासणी करते आणि त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला डॉक्टर असतो. दोन्ही मंडळांनी शक्यतो ४८ तासांत मत द्यावे, असे अपेक्षित आहे.

इच्छापत्राची प्रत महापालिका, नगरपालिका किंवा पंचायतीच्या नियुक्त अधिकाऱ्याकडे जपून ठेवायची असते. मुंबई उच्च न्यायालयात डॉ. निखिल दातार यांनी केलेल्या जनहित याचिकेनंतर महाराष्ट्रात असे अधिकारी नेमले गेले. शेजारच्या गोव्यात मे २०२४ मध्ये न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचे इच्छापत्र जाहीरपणे नोंदवले. पदावरील न्यायमूर्तीने असे पाऊल उचलल्यामुळे लोकांच्या मनातली भीती कमी होते. महाराष्ट्रातही या विषयाला अशाच उघड पाठबळाची गरज आहे.

अंमलबजावणी नसल्याची किंमत सामान्य कुटुंबे मोजतात. अतिदक्षता विभागाचे बिल दिवसागणिक वाढत असते, शेत किंवा दागिने गहाण पडतात आणि शेवटी नातेवाईक ‘वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध घरी नेत आहोत’ अशा कागदावर सही करतात. रुग्ण घरी येतो तो ऑक्सिजनशिवाय, वेदनाशामक औषधांशिवाय. आणि सही करणाऱ्या मुलाच्या किंवा मुलीच्या मनाला अपराधाची टोचणी आयुष्यभर लागून राहते. रुग्णाचा निर्णय आधीच लिहिलेला असेल, तर हे ओझे त्यांच्यावर पडत नाही.

वारसदार या तरतुदीचा गैरवापर करतील आणि गरीब, वृद्ध किंवा अपंग रुग्णांवर उपचार नाकारण्यासाठी दबाव येईल, ही भीती रास्त आहे. दोन स्वतंत्र मंडळे, साक्षीदार आणि दंडाधिकाऱ्यांना दिली जाणारी पूर्वसूचना यांची तरतूद त्यासाठीच आहे. पण खरे संरक्षण परिहारक सेवेत, म्हणजेच पॅलिएटिव्ह केअरमध्ये आहे. वेदना आटोक्यात आणण्याची सोय नसेल तेथे उपचार नाकारण्याला मुक्त निवड म्हणता येत नाही. अंमली पदार्थविरोधी कायद्यात २०१४ मध्ये झालेल्या दुरुस्तीने मॉर्फिन उपलब्ध करून देण्यातले अडथळे कमी केले. त्याचा लाभ तालुक्याच्या रुग्णालयापर्यंत जायला हवा.

म्हणून विभागाकडे चार मागण्या आहेत. इच्छापत्राचा नमुना सोप्या मराठीत प्रसिद्ध करून तो प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात ठेवावा. नियुक्त अधिकाऱ्याचे नाव आणि भेटीची वेळ प्रत्येक स्थानिक संस्थेच्या कार्यालयात ठळकपणे लावावी. दुय्यम मंडळासाठी डॉक्टरांची जिल्हावार यादी आधीच तयार ठेवावी, म्हणजे ऐन वेळी धावाधाव होणार नाही. आणि परिहारक सेवा प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयात सुरू करावी. हक्क न्यायालयाने दिला आहे; तो प्रत्यक्षात मिळवून देण्याची जबाबदारी शासनाची आहे.

आपला विश्वासू,
एक नागरिक