बाणाकडे बघा की राव!

"ऑर्गॅनिक म्हणजे नुसतं पाठांतर" असं पोरं म्हणाली तर समजू शकतो. पण शिकवणारेच म्हणायला लागले की डोकं फिरतं. मग क्लासमध्ये तक्ता वाटतात: डावीकडे काय घातलं, उजवीकडे काय मिळालं. मधला बाण नुसता शोभेला!

आपल्या धंद्यात कोणी कोड न वाचता आउटपुट पाठ केलं तर आपण त्याला हसू. बारावीत त्यालाच हुशार म्हणतात.

उदाहरण घ्या. अ‍ॅनिसोल हायड्रोआयोडिक आम्लाबरोबर तापवलं. ईथर तुटणार, दोन तुकडे होणार. आयोडीन कुणाला चिकटणार? पाठांतरवाला इथे छापा-काटा करतो. अहो, आयोडाइड कार्बनवर मागच्या बाजूने हल्ला करतं. बेंझिनच्या कार्बनला मागून गाठायचं तर आख्खं कडंच आडवं येतं, शिवाय त्याचा ऑक्सिजनशी बंधही जास्त घट्ट. मिथिलला असं काही संरक्षण नाही. म्हणून मिळतं मिथिल आयोडाइड आणि फिनॉल. यात पाठ काय करायचंय?

किंवा प्रोपीन आणि हायड्रोजन ब्रोमाइड. पेरॉक्साइड घातलं की मार्कोव्हनिकोव्हचा नियम उलटतो, हा 'अपवाद' म्हणून घोकून घेतात. खराश आणि मेयो यांनी १९३३ सालीच दाखवलं की तिथे रस्ताच वेगळा असतो. एरवी हायड्रोजन आधी जोडला जातो, इथे ब्रोमीन. अपवाद कसला डोंबलाचा!

पुण्यातलं पोरगं निदान दुसरा क्लास लावेल. बारामती तालुक्यातल्या लोणी भापकरच्या पोरीने एसटीचे धक्के खात, घरच्यांनी जमवलेली फी भरून यायचं आणि हातात काय, तर तक्ता? तिच्याच तालुक्यात सोमेश्वर आणि माळेगावचे साखर कारखाने आहेत. मळीतल्या सुक्रोजचं यीस्ट आधी ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करतं, मग इथेनॉल. कागदावर १८० ग्रॅम ग्लुकोजपासून ९२ ग्रॅम इथेनॉल आणि ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. प्रत्यक्षात कमीच भरतं, कारण यीस्टला स्वतःलाही वाढायचं असतं आणि ते थोडं ग्लिसरॉलही करतं. समीकरण आणि टाकी यांतला हा फरक तक्त्यात कुठे असतो?

असो. क्लासवाल्यांना एक प्रश्न. टर्शरी ब्यूटिल ब्रोमाइड आणि सोडियम इथॉक्साइड. तक्ता म्हणतो 'विल्यमसन', म्हणजे ईथर. बाटलीत मात्र मुख्यतः आयसोब्यूटिलीन येतं. का, ते उद्या फळ्यावर काढून दाखवा.