चौक कुणाचा, पहारा कुणावर?

बायकांच्या सुरक्षिततेचे नाव घेतले की काहीही खपवता येते. वस्तीच्या चौकात रातोरात झेंडा लागतो, काही दिवसांनी त्याच खांबावर कॅमेरा बसतो. कुणी विचारलेच तर उत्तर तयार असते, "तुमच्या आयाबहिणींसाठीच केलंय!" त्या आयाबहिणींना मात्र कुणीच विचारलेले नसते.

गेली दहा वर्षे मी शहरातल्या वस्त्यांमध्ये काम करते. झेंडा कुठल्या रंगाचा, हा वाद मला घालायचा नाही. सणाला, जयंतीला सगळ्यांचेच झेंडे लागतात आणि उतरतात. मी बोलते आहे ते न उतरणाऱ्या झेंड्याबद्दल. तो बजावतो, हा चौक आता आमचा. हे सगळ्यात आधी कळते बायकांना. आमच्या एका वस्तीत पलीकडच्या गल्लीतल्या बायकांनी रेशन दुकानाचा जवळचा रस्ता सोडला. धमकी कुणी दिली नव्हती. "खांबाखाली पोरं बसतात, बघत राहतात," एवढेच त्या म्हणाल्या. धान्याची पिशवी घेऊन लांबचा फेरा, हा त्या झेंड्याचा कर त्या आजही भरतात.

झेंडा 'परक्या' बाईला दूर ठेवतो, तर कॅमेरा 'आपल्या' बाईला ताब्यात ठेवतो. याच चौकातला कॅमेरा सार्वजनिक शौचालयाच्या वाटेवर रोखलेला आहे. चित्रण दिसते मंडळाच्या खोलीत आणि दोन-तीन जणांच्या मोबाइलवर. कॉलेजातली मुलगी कुणाशी बोलत थांबली, हे ती घरी पोचायच्या आत भावाला कळते. दारू पिऊन बायकोला रस्त्यात मारणारा नवराही त्याच कॅमेऱ्यासमोर होता. तिने चित्रण मागितले तेव्हा मात्र "त्या दिवशी कॅमेरा बंद होता."

सार्वजनिक खांबावर परवानगीशिवाय काही लावता येत नाही. बेकायदा फलक आणि बॅनर हटवण्याचे आदेश मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये दिले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, आणि माणूस रस्त्यावर आला म्हणून हा हक्क संपत नाही, असेही निकालात नोंदवले गेले. बाईला चोरून पाहणे, तिचे चित्रण करणे २०१३ च्या दुरुस्तीने गुन्हा ठरले; आज ते भारतीय न्याय संहितेचे कलम ७७ आहे. पण त्याचे संरक्षण शौचालयाच्या आत मिळते. दारापर्यंतची वाट टिपणारा कॅमेरा त्यातून सुटतो.

कॅमेऱ्याला आपला सरसकट विरोध नाही. १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरावर बलात्कार झाला. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आरोपी पोलिसांना निर्दोष सोडले. त्या संतापातून आपली चळवळ रस्त्यावर आली. प्रत्येक ठाण्यात कॅमेरे हवेत, असा त्याच न्यायालयाचा आदेश यायला डिसेंबर २०२० उजाडले. ते चालू नसल्याबद्दल सप्टेंबर २०२५ मध्ये न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. जिथे सत्तेला जाब द्यावा लागेल तिथला कॅमेरा बंद, आणि डबा घेऊन निघालेल्या बाईवरचा चालू. याला सुरक्षितता म्हणायचे?

मैत्रिणींनो, झेंडा आपण स्वतः उतरवायला जायचे नाही; त्यातून दंगल पेटवणारे टपलेलेच आहेत. माहितीच्या अधिकारात लेखी विचारू या, परवानगी कुणी, कुणाला, किती दिवसांची दिली? परवानगी नसेल तर पालिकेनेच काढावे, रंग न बघता. कॅमेरा राहणारच असेल तर तो जबाबदार सरकारी यंत्रणेकडे असावा. चित्रण कोण बघते, किती दिवस ठेवते, याची पाटी खांबावर लागावी. शौचालय आणि नळाकडची त्याची दिशा बदलावी. मार खाल्लेल्या बाईला पुरावा म्हणून चित्रण मिळावे. आणि या सगळ्याच्या आधी शौचालयाला दिवा हवा, आतून कडी हवी.

या अर्जावर दोन्ही गल्ल्यांतल्या बायकांच्या सह्या असल्याच पाहिजेत. एकाच गल्लीच्या सह्या घेऊन गेलो, तर आपला अर्जही आणखी एक झेंडाच ठरेल.