टायटल

इंग्रज जाताना जे शब्द मागे ठेवून गेला, त्यांत 'टायटल' हा मोठा बहुरूपी. मूळ लॅटिन 'टिटुलस'. अर्थ एवढाच, की वस्तूवर लावलेली नावाची पाटी. ख्रिस्ताच्या क्रुसावर जी पाटी ठोकली, तिलाही हाच शब्द. पुढे ह्या पाटीने नाव, मान आणि मालकी अशी तिन्ही घरे धरली.

मराठीने हा गोंधळ होऊ दिला नव्हता. ग्रंथाला शीर्षक, बातमीला मथळा, पैलवानाला किताब, जमिनीला मालकीहक्क. प्रकाशकाच्या कचेरीत मात्र 'यंदा टायटल कोणाचे?' असे विचारले की चित्रकाराचे नाव सांगायचे. कारण तिथे टायटल म्हणजे मुखपृष्ठ! दीनानाथ दलालांनी १९४५ साली 'दीपावली' वार्षिक काढले, तेव्हापासून कित्येक वाचक आधी टायटल पाहात आणि मग आत काय आहे ते.

रावबहादूर-रावसाहेब ही टायटले राज्यघटनेच्या अठराव्या कलमाने संपवली. 'पद्मश्री' हे टायटल नव्हे, म्हणून ते नावाला जोडू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली सांगितले. तरी लग्नपत्रिका आणि सत्काराचे फलक ऐकतात थोडेच!

पण आम्हां उपनगरवासीयांचा जीव टांगला आहे तो वकिली टायटलला. बोरिवली, मुलुंड ही साष्टीतली गावे १९५७ साली मुंबई महापालिकेत आली. शेतांवर इमारती उठल्या. ब्लॉक घेणाऱ्याला वाटले, आपण मालक झालो. तो ब्लॉकाचा खरा. पण पायाखालची जमीन सोसायटीच्या नावे करून देणे हे बिल्डरचे काम. १९६३ च्या कायद्याने ते त्याच्यावर बंधनकारकच केले.

आमच्या इमारतीच्या बिल्डरने शेवटचा ब्लॉक विकला आणि तो दिसेनासा झाला. प्रॉपर्टी कार्डावर अजून मूळ जमीनमालकाचेच नाव आहे. इकडे गच्ची गळते, जिन्याच्या सळया उघड्या पडल्या आहेत. पुनर्विकासाला येणारा प्रत्येक जण चहा घेण्यापूर्वीच विचारतो, "टायटल क्लिअर आहे ना?" आणि चहा न संपवताच उठतो. कोणी सात-बारा पुढे करतो. पण तो महसुली नोंदींचा उतारा, त्याने मालकी सिद्ध होत नाही. चाळीस वर्षे कर भरला, ह्यानेही नाही.

२००८ साली कायद्यात दुरुस्ती झाली. बिल्डर दाद देत नसेल, तर सोसायटीने जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करावा. ह्या सोयीचे सरकारी नाव 'मानीव अभिहस्तांतरण'. आमच्या सेक्रेटरींना ते एका दमात म्हणता येत नाही, पण अर्ज त्यांनी नेटाने तयार केला आहे. त्याला नोंदणी झालेले करारनामे जोडायचे आहेत. निम्म्या बिऱ्हाडांचे मिळेनात. यंदा साफसफाईत माळ्यावरच्या पेट्या त्यासाठीच खाली उतरल्या. दुसऱ्या मजल्यावरच्या आजींना त्यांच्या यजमानांच्या सहीचा करारनामा शालूच्या घडीत सापडला. तो त्या झेरॉक्सलासुद्धा स्वतःच घेऊन जातात.