रविवार, अकरा ते चार

गेल्या रविवारी वांद्र्यात ब्रंचला आम्ही सहा जण जमणार होतो, टेबलावर पाचच बसलो. बदलापूरचा मित्र वेळेत निघूनही ठाण्याच्या अलीकडे लोकलमध्ये अडकला होता. कॅफेचे नियम फोनवरच सांगितले होते: साडेअकराचं आरक्षण, पंधरा मिनिटांची मुभा, सगळे आल्याशिवाय टेबल मिळणार नाही आणि बसल्यापासून दीड तासात उठायचं. शेवटी ‘आम्ही पाचच आहोत’ असं सांगून आत गेलो. तो दारात आला तेव्हा एक वाजत आला होता आणि बिल टेबलावर पोचलं होतं. सहावी खुर्ची मागितली तर ‘पुढचं बुकिंग आहे’ असं उत्तर आलं. बिलात दहा टक्के सर्व्हिस चार्ज आधीच धरलेला होता. त्याच्यावर मी या सदरात एवढं लिहिलंय की नियमित वाचकांनी सुस्कारा सोडला असेल. तरी पुढे तो येणारच आहे.

पण या आठवड्यात मला खरा राग आलाय तो तासांचा. मध्य रेल्वेचं रविवारचं पत्रक काढून बघा. माटुंगा ते मुलुंड मेगाब्लॉक, अकराच्या सुमाराला सुरू, चारच्या आसपास संपणार. हार्बरवर कधी कुर्ला ते वाशी, कधी सीएसएमटी ते चुनाभट्टी-वांद्रे. पश्चिम रेल्वेचा जम्बोब्लॉक साधारण साडेदहा ते साडेतीन. स्टेशनांची नावं आठवड्यागणिक बदलतात, तास फारसे बदलत नाहीत. आणि ब्रंचचा मेन्यू लागतो अकराला, उतरतो तीन-चारला. ब्लॉकबद्दल माझी तक्रार नाही. रूळ, सिग्नल आणि ओव्हरहेड वायरची कामं झालीच पाहिजेत, आणि ती करायला रविवारची दुपार हीच त्यातल्या त्यात सोयीची वेळ आहे. माझी तक्रार आहे ती नेमक्या त्याच तासांत ‘चला, सगळे भेटू या’ म्हणणाऱ्या जेवणाबद्दल. या शहरात रविवारी अकरा ते चार भेटायचं ठरवलं की जवळ राहणारे आणि गाडीवाले येतात. बाकीचे फोन करून ‘तुम्ही सुरू करा’ म्हणतात.

ब्रंचची कल्पना मांडणाऱ्याच्या मनात असं काही नव्हतं. गाय बेरिंजर या इंग्रज लेखकाने १८९५ मध्ये ‘हंटर्स वीकली’त तिची बाजू मांडली. रविवारी चर्चमधून आल्यावर जड जेवण अंगावर घेण्यापेक्षा दुपारच्या सुमाराला हलकं काही खावं, शनिवारी रात्री जागलेल्यांना झोपू द्यावं आणि जमलेल्यांना बोलतं करावं, असं त्याचं म्हणणं होतं. त्यातला बोलण्याचा भाग मला मनापासून पटतो. आम्ही भेटतो ते त्यासाठीच.

आमचा कंपू रुईया कॉलेजातला. तेव्हा सगळे दादर, माटुंगा, वडाळा, सायन या पट्ट्यात राहायचो आणि भेटायचं म्हणजे जिने उतरून नाक्यावर यायचं. मग लग्नं झाली, घरं घ्यायची वेळ आली आणि एकेक जण रुळांच्या टोकाकडे सरकत गेला. एक बदलापूरला, एक पनवेलला, एक विरारला. आम्ही तिघं गावात उरलो, तेही आईवडिलांच्या जुन्या जागांमुळे. म्हणून आता भेटायची जागा ठरवताना आधी गाडी बघावी लागते.

आता हाच रविवार माटुंग्याला कसा जातो ते सांगते. बदलापूरचा मित्र सहाच्या आसपास निघतो, घाटकोपरला फास्ट सोडून स्लो पकडतो आणि आठाच्या आत माटुंग्याला उतरतो. ब्लॉक सुरू व्हायला अजून तीन तास असतात. स्टेशनाजवळच्या रामाश्रय या उडुपी हॉटेलच्या दारात तोवर रांग लागलेली असते. १९३९ पासूनचं हे ठिकाण पहाटेच उघडतं आणि रविवारी उजाडल्यापासून तिथे माणसं उभी असतात. दाराशी फळ्यावर त्या दिवशीचे पदार्थ लिहिलेले. किंग्ज सर्कलच्या बाजूला गेलं तर कॅफे मद्रास. तिथे नाव सांगून फुटपाथवर थांबायचं. म्हैसूर कॅफे १९३६ चं, तेही चालत जाण्याच्या अंतरावर. एकीकडे गर्दी फार असली तर दुसरीकडे जाता येतं.

आत गेल्यावर टेबल आपलं एकट्याचं नसतं. समोर अनोळखी जोडपं किंवा आजोबा-नातू बसलेले असतात. ऑर्डर दिली की पाच-सात मिनिटांत इडली, रस्सम वडा, नाचणीचा डोसा, अननसाचा शिरा समोर येतो. डोसा तव्यावरून उतरताच आलेला असतो हे बोटांना कळतं. सांबार मागितलं की पुन्हा मिळतं. मागून आलेल्या मित्रासाठी कुणाची परवानगी लागत नाही, त्याला कुठल्या तरी टेबलावर एक खुर्ची मिळते, तो खातो आणि बाहेर येऊन आम्हाला गाठतो. वांद्र्यात एका प्लेट अंड्यांचे जेवढे दिले, तेवढ्यात इथे तिघांचा नाश्ता कॉफीसकट झाला असता.

पण माटुंग्याचे गोडवे गाणाऱ्यांनी एक गोष्ट मान्य केली पाहिजे. उडुपी हॉटेल बसू देत नाही. कॉफीचा शेवटचा घोट घशाखाली जायच्या आत बिल येतं आणि दारातले लोक तुमच्याकडे बघत असतात. कोणी ‘उठा’ म्हणत नाही, आपणच उठतो. तिथल्या गप्पा होतात त्या रांगेत, अर्धा-पाऊण तास उभ्याने. गुडघे कुरकुरायला लागलेल्या वयात ते सोपं नाही. आमची पनवेलची मैत्रीण आईला घेऊन आली होती तेव्हा मला हे नीट जाणवलं. ब्रंचवाले नेमकी तीच उणीव भरून काढतात. गार हवा, गादीची खुर्ची, पाणी ओतणारा माणूस आणि बसण्याचा हक्क. वांद्र्याला जाणारे मूर्ख नाहीत, ते खुर्चीचे पैसे देतात.

बसण्याचा हक्क आणि स्वस्त चहा एकाच वेळी कोणी दिला असेल तर तो इराण्यांनी. माटुंग्यातच किंग्ज सर्कलला कूलर हा इराणी कॅफे आहे, १९३२ पासून. ऑम्लेट आणि बनमस्का मागवून वेळ विसरता येईल अशी ती जागा. ही उदारता स्वभावात होती यात शंका नाही, पण तिच्याखाली एक कायदाही होता. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या जागांची भाडी १९४० च्या पातळीवर रोखून धरली. १९९९ च्या कायद्यातही जुन्या भाडेकरूंना वर्षाला चार टक्क्यांचीच वाढ आहे. इराण्यांच्या बऱ्याच जागा पागडीच्या. ज्याला भाड्याची धास्ती नाही, तो एका चहावर तुम्हाला तासभर बसू देऊ शकतो. घरमालकांवर त्या कायद्याने अन्याय केला, इमारती पडायला आल्या, हेही तितकंच खरं. पण या शहरातल्या कितीतरी मैत्र्या त्या गोठलेल्या भाड्यावर जगल्या, हा हिशेब कोणी मांडत नाही.

वांद्र्यातल्या नव्या कॅफेला ती सवलत नाही. त्याला बाजारभावाने भाडं मोजायचं असतं आणि शनिवार-रविवारच्या त्या चार-पाच तासांत आठवड्याची भर काढायची असते. दीड तासाची मर्यादा तिथून येते. मला ते समजतं. मला खुपतं ते हे की ज्या भाड्याने खुर्चीला घड्याळ लावलं, त्याच भाड्याने आमच्या मित्राला बदलापूरला धाडलं, आणि मग उशीर झाला म्हणून त्यालाच खुर्ची नाकारली.

आता सर्व्हिस चार्ज. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये सांगितलं की तो बिलात आपोआप लावता येणार नाही, ग्राहकाच्या मर्जीवर सोडला पाहिजे. हॉटेलवाल्यांच्या संघटना कोर्टात गेल्या. मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने प्राधिकरणाची बाजू उचलून धरली. तरीही तो बिलात छापून येतो, वर त्यावर जीएसटी लागतो, आणि काढायला सांगितलं की मॅनेजर बोलवावा लागतो. बहुतेक लोक मित्रांसमोर वाद नको म्हणून देऊन टाकतात. तुम्ही देऊ नका. नम्रपणे काढायला सांगा, नाहीच काढला तर १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. वाढणाऱ्या मुलाला द्यायचं ते त्याच्या हातात द्या. भाडं परवडत नसेल तर कॅफेने पदार्थांचे भाव वाढवावेत किंवा टेबलाचे पैसे म्हणून उघड लावावेत. मी ते देईन, कारण मला ते कशाचे आहेत हे कळेल.

खाण्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. एग्ज बेनेडिक्ट मागवली होती. पोच केलेली अंडी गर्दीच्या स्वयंपाकघरात आधीच करून बर्फाच्या पाण्यात ठेवतात आणि ऑर्डर आली की गरम करतात. ती पद्धत चुकीची नाही, पण त्यात क्षणाचं गणित असतं. ते हुकलं की बलक घट्ट होतो. आमचा घट्ट झाला होता. हॉलंडेजवर साय धरली होती, म्हणजे ते बराच वेळ थांबलेलं होतं. बलक, लोणी आणि लिंबाचं हे सॉस थांबण्यासाठी नसतंच. शेफ अँथनी बोर्डेनने २००० साली आपल्या पुस्तकात रविवारच्या ब्रंचबद्दल आणि त्या सॉसबद्दल ग्राहकांना सावध केलं होतं, ते अजून लागू आहे. अवोकाडो टोस्ट बरा होता. सावरडो मात्र उत्तम: करकरीत साल, आत ओलसर, आंबट चव नेमकी. ज्याने तो भाजला त्याचं मनापासून कौतुक.

पण सावरडोचा विषय निघाला की मला आपल्या पावाबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये लाकूड-कोळशाच्या भट्ट्यांना दुसऱ्या इंधनावर जायला सहा महिन्यांची मुदत दिली. हवेचा प्रश्न खरा आहे, मी तो नाकारत नाही. पण ज्या महिन्यांत या भट्ट्या जगवण्यासाठी चांगले पैसे देणारं गिऱ्हाईक हवं होतं, त्या महिन्यांत शहरातल्या एकाही ब्रंचच्या मेन्यूवर मला ब्रून पाव दिसला नाही. गोव्याच्या पोईचं तसंच. कोंडा लावलेली, आतून पोकळ, एके काळी माडाच्या सुरेने आंबवली जाणारी ही पोई सावरडोची थेट नातलग आहे, आणि वांद्र्यासारख्या ठिकाणी, जिथे गोवेकरांच्या पिढ्या नांदल्या, तिथेच ती अंड्यांसोबत मिळत नाही. सकाळच्या भट्टीचा ब्रून पातळ बलक सावरडोपेक्षा चांगला पितो, असं माझं ठाम मत आहे. पुरावा म्हणाल तर माझी जीभ.

तेव्हा ब्रंचवाल्यांना माझी विनंती आहे. मेन्यू नऊला लावा. ज्यांना शनिवारची रात्र भरून काढायची आहे ते बाराला येतीलच, पण नऊची पंगत तुम्हाला बदलापूर, पनवेल, विरारची माणसं मिळवून देईल. उशिरा आलेल्या एकासाठी खुर्ची सरकवा, तो जास्तीचं काहीतरी मागवेलच. ब्लॉकचं पत्रक आरक्षण घेणाऱ्या मुलीच्या समोर चिकटवा.

आम्ही मात्र तूर्त माटुंग्याला परतलोय. खाणं उडुप्याकडे उरकायचं आणि बसायला चालत फाइव्ह गार्डन्सला जायचं. पारशी कॉलनीतल्या त्या झाडांखाली बाकं आहेत, बिल येत नाही, आणि पनवेलच्या मैत्रिणीच्या आईला टेकायला पाठ मिळते. अडचण एवढीच, की गप्पा रंगल्या तर अकरा वाजून जातात आणि मग चारपर्यंत कोणालाच धड परत जाता येत नाही. दुपारच्या जेवणाची सोय तिथेच बघावी लागते. माटुंगा स्टेशनाजवळ रामा नायकांचं बोर्डिंग १९४२ पासून केळीच्या पानावर वाढतंय. त्याबद्दल पुढच्या रविवारी.